आरसी कारचा ईएससी बदलायचाय? मग बॅटरी सगळ्यात शेवटी

रविवारी सकाळी आम्ही काही जण इंदोरला राजेंद्रनगरच्या बाजूला एका मोकळ्या मैदानात आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, गाड्या घेऊन जमतो, आणि दोन-तीन रविवार झाले की कोणीतरी डबा हातात घेऊन येतंच, काका, नवीन ईएससी टाकला आणि तोही गेला (ईएससी म्हणजे बॅटरीचा करंट मोटरला कमी-जास्त देऊन गाडीचा स्पीड सांभाळणारा भाग). काय केलं ते विचारलं की गोष्ट जवळपास तीच निघते. जुना जळाला, ऑनलाइन दुसरा मागवला, रंग बघून वायरी जोडल्या, लगेच बॅटरी लावली आणि एक तर तिथेच फट् झालं किंवा दहा मिनिटं चालून वास आला. दीड-दोन हजार रुपये गेले, आणि त्यातली बरीच पोरं खाऊचे पैसे साठवून सामान घेतात त्यामुळे मला खरंच वाईट वाटतं.

दोन चुका सगळीकडे सारख्या आहेत. एक म्हणजे जुना का गेला ते कोणी बघत नाही, आणि दुसरी म्हणजे बॅटरी फार लवकर जोडतात. खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा, मधला टप्पा उडवू नका. हे सगळं १/१० आणि १/१२ साइझच्या, २एस लिपो (एकापुढे एक जोडलेले दोन लिथियम पॉलिमर सेल) किंवा ७.२ व्होल्टच्या निकेल पॅकवर चालणाऱ्या गाड्या धरून लिहिलंय, ब्रश्ड (दोन वायरींची मोटर) आणि ब्रशलेस (तीन वायरींची) दोन्ही.

टप्पा १: ईएससीच गेलाय का ते आधी बघा

गाडी हलत नाही म्हणजे ईएससी गेला असं नसतं. आधी बॅटरी मल्टिमीटरने मोजा. २एस लिपो फुल चार्ज असेल तर ८.४ व्होल्ट दिसायला हवेत, आणि ७ च्या खाली असेल तर ईएससी स्वतःच कट-ऑफ करून (बॅटरी फार उतरू नये म्हणून मोटर बंद करून) थांबलेला असू शकतो, म्हणजे तो त्याचं काम नीट करतोय. मग रिमोटचे सेल बघा. मग रिसीव्हरची (गाडीतला रिमोटचा सिग्नल पकडणारा डबा) लाइट लागते का ते बघा, नुसती ब्लिंक करत असेल तर बाइंडिंग, म्हणजे रिमोटशी जोडणी, सुटलंय, पुन्हा बाइंड करा.

स्टिअरिंग फिरतं पण मोटर फिरत नाही, तर मोटर किंवा ईएससीचा मोटरवाला भाग. स्टिअरिंगही नाही आणि रिसीव्हरला लाइटच नाही, तर ईएससीमधला बीईसी गेला असण्याची शक्यता जास्त (बीईसी म्हणजे ईएससीचा तो भाग जो बॅटरीचे व्होल्ट उतरवून रिसीव्हर आणि सर्वोला, म्हणजे स्टिअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरला, ५-६ व्होल्ट देतो). हे पक्कं करायला ईएससीची तीन वायरींची पिन रिसीव्हरमधून काढा आणि चार पेन्सिल सेलच्या होल्डरने रिसीव्हरला बॅटरीच्या पोर्टमधून ६ व्होल्ट द्या. सर्वो हलला तर रिसीव्हर आणि सर्वो ठीक आहेत, दोष ईएससीकडे. नाही हलला तर दुसरा सर्वो लावून बघा.

गाडी चालू करताच स्वतःहून फुल स्पीडने पळते, रिमोटचं ऐकतच नाही, असं असेल तर बहुतेक आतले एफईटी (मोटरचा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेत. तो ईएससी पुन्हा बॅटरीला लावू नका, एकदाही नाही.

*थांबा आणि बघा:* स्वस्त गाड्यांमध्ये ईएससी आणि रिसीव्हर एकाच बोर्डवर असतात. असा टू-इन-वन बोर्ड असेल तर नुसता ईएससी घेऊन काही होणार नाही, वेगळा रिसीव्हर आणि त्याचा रिमोटही लागेल. सर्वोच्या वायरी पण मोजा. तीन असतील तर चालेल, पाच असतील तर त्या सर्वोचं सर्किट बोर्डवरच आहे, म्हणजे सर्वोपण नवीन. हे आधी माहीत पडलं तर बजेट बसतं, सामान घरी आल्यावर माहीत पडलं तर फार त्रास होतो.

टप्पा २: जुना का गेला ते शोधा

हा टप्पा लोक हमखास सोडतात आणि म्हणून नवीन जळतो. ईएससी सहसा आपणहून मरत नाही, त्याच्यातून कोणीतरी जास्त करंट ओढतं. तो कोण, ते शोधायचं.

आधी बॅटरी बाहेर काढा. मोटरचे स्क्रू ढिले करून पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) स्पर गिअरपासून (त्याला लागणारा मोठा गिअर) दूर सरकवा, आणि आता गाडी फरशीवर हाताने ढकला. सहज घरंगळली पाहिजे. अडखळली तर एकेक चाक हाताने फिरवून बघा, बेअरिंग जाम असेल किंवा ॲक्सलला काहीतरी गुंडाळलेलं असेल. आपल्याकडे संक्रांतीनंतर दीड-दोन महिने मैदानात मांजा पडलेला असतो, तो चाकाच्या आत बेअरिंगपाशी असा घट्ट गुंडाळतो की बाहेरून दिसत पण नाही. लोकमान्यनगरच्या एका मुलाचे दोन ईएससी लागोपाठ गेले, आम्ही मागचं चाक काढलं तर आत मांज्याचं रीळ तयार झालेलं होतं. ब्लेडने कापून काढलं, त्याच मोटरवर तिसरा ईएससी आजपर्यंत व्यवस्थित चालतोय.

मग मोटर. ब्रश्ड मोटरचा शाफ्ट बोटांनी फिरवा, खरखर नको, अडकायला नको. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक प्रोब मोटरच्या टर्मिनलवर आणि दुसरा मोटरच्या धातूच्या बॉडीवर लावा, बीप वाजला तर मोटर आतून बॉडीला शॉर्ट आहे, तिला निरोप द्या. जळका वास, काळा पडलेला ब्रश, खूप ढिला शाफ्ट, ही सगळी मोटर बदलायची लक्षणं.

ब्रशलेस मोटर असेल तर तिन्ही वायरी एकमेकींना न लागतील अशा मोकळ्या ठेवा आणि शाफ्ट फिरवा. चुंबकाचे हलके सारखे टप्पे जाणवतात, ते बरोबर आहे. पण वायरी मोकळ्या असून पण शाफ्ट जड जातो, कोणीतरी आतून धरून ठेवल्यासारखा, तर वाइंडिंग शॉर्ट आहे. अशी मोटर नव्या ईएससीला लावली की पहिल्या ट्रिगरलाच काम तमाम.

एक गोष्ट ब्रश्ड मोटरवाल्यांसाठी. जुन्या रेसिंग मोटरच्या दोन टर्मिनलमध्ये कधीकधी शॉट्की डायोड लावलेला असतो, एका बाजूला पट्टी असलेला छोटा काळा तुकडा. रिव्हर्सवाल्या ईएससीबरोबर तो चालत नाही, गाडी रिव्हर्स घेतली की तो सरळ शॉर्ट होतो. तो काढून टाका. छोटे चपटे कपॅसिटर मात्र राहू द्या, ते रिमोटच्या सिग्नलमधला अडथळा दाबायला असतात.

शेवटी गिअरिंग. कोणी स्पीडसाठी मोठा पिनियन बसवलाय का? दोन-तीन दाते वाढवले तरी मोटरचा करंट चांगलाच वाढतो, आणि इंदोरच्या मे महिन्यात जिथे सावलीत ४० डिग्री असतं तिथे ईएससीला गार व्हायला जागाच उरत नाही. कंपनीने जो पिनियन दिला होता तो परत लावा, स्पीडचं नंतर बघू.

*इशारा:* वरच्यापैकी काहीच सापडलं नाही तर कनेक्टर बघा. पांढरा प्लास्टिकचा जुना टॅमिया प्लग वितळलेला किंवा पिवळा पडलेला असेल तर तो गरम होत होता. नव्या ईएससीला तो लावायचाच नाही.

टप्पा ३: कोणता घ्यायचा

ब्रश्ड मोटरला ब्रश्ड ईएससी, ब्रशलेसला ब्रशलेस. मोटरमधून दोन वायरी येतात तर ब्रश्ड, तीन येतात तर ब्रशलेस. दोन्हींवर चालणारे काही ईएससी असतात पण पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच माना.

अँपिअरचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका. त्यापेक्षा मोटरची टर्न लिमिट बघा (टर्न म्हणजे मोटरच्या आतल्या तारेचे वेढे). उदाहरण द्यायचं तर हॉबीविंगचा क्विकरन १०६० हा ब्रश्ड ईएससी खूप जण वापरतात, त्याची लिमिट २एसवर १२ टर्न किंवा त्याहून जास्त आणि ३एसवर १८ टर्न किंवा त्याहून जास्त अशी आहे. टर्न जितके कमी तितकी मोटर जास्त करंट ओढते. म्हणजे १५ टर्नची मोटर २एसवर चालेल, पण त्याच मोटरला ३एस लावलं तर लिमिटच्या बाहेर, आणि कोणी म्हणेल की ६० अँपिअरचा असून कसा जळाला. असाच जळतो.

मग सेल किती चालतात ते बघा, बीईसी किती अँपिअरचा आहे ते बघा. मोठा मेटल गिअरवाला डिजिटल सर्वो असेल तर चाक दगडाला अडकल्यावर तो एकटाच २-३ अँपिअर ओढू शकतो, बीईसी कमी पडला की रिसीव्हर क्षणभर बंद होऊन चालू होतो आणि गाडी मध्येच झटके खाते. रिव्हर्स आहे का ते पण वाचा, काही रेसिंगच्या ईएससीत मुद्दाम नसतो. क्रॉलर (दगडांवर हळू चढणारी गाडी) असेल तर ड्रॅग ब्रेक, म्हणजे ट्रिगर सोडताच आपोआप लागणारा ब्रेक, लागेल, नाहीतर चढावर गाडी मागे घरंगळते.

टप्पा ४: सामान आधी जमवा

अर्ध्या कामात उठून महाराणी रोडच्या बाजारात जायला लागू नये म्हणून हे सगळं टेबलावर आलं की मगच स्क्रू खोला:

सोल्डरिंग आयर्न किमान ६० वॅटचं, चपट्या टोकाचं. घरात असतं ते २५ वॅटचं बारीक टोकवालं मोबाइल-रेडिओसाठी ठीक आहे, इथे १२-१४ गेजच्या जाड वायरी आहेत, त्या सगळी उष्णता पिऊन टाकतात आणि सोल्डर वरवर चिकटतं. सोल्डर वायर ६०/४० किंवा ६३/३७, आत राळ असलेली. डबीतली ॲसिडवाली पेस्ट नको, महिन्या-दोन महिन्यांत जॉइंट हिरवा पडतो. हीट श्रिंक ट्यूब (तापवली की आकसून वायरीला घट्ट बसणारी नळी) दोन साइझची, मल्टिमीटर, एलन की, डबल टेप चांगल्या प्रतीचा, केबल टाय, आणि साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल.

आणि एक गोष्ट जी कोणीच आणत नाही: १२ व्होल्ट २१ वॅटचा गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब, होल्डरसकट. कोणत्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळेल, वीस-तीस रुपयांचं काम आहे. टप्पा ९ मध्ये हाच बल्ब नवीन ईएससीला वाचवतो.

टप्पा ५: जुना काढा

फोटो काढा. वरून, दोन्ही बाजूंनी आणि रिसीव्हरच्या पिनांचा अगदी जवळून. कोणती पिन कुठल्या चॅनलला, कोणती वायर मोटरच्या कोणत्या टर्मिनलला, सगळं फोटोत आलं पाहिजे. डोक्यात राहील असं वाटतं, राहत नाही.

बॅटरी बाहेर आहे ना? पुन्हा बघा. मग रिसीव्हरची पिन काढा, वायरीला धरून ओढू नका, प्लास्टिकला धरा. मग मोटरच्या वायरी. मग स्विच. ईएससी डबल टेपने चिकटलेला असतो, खाली जाड दोरा घालून करवतीसारखा मागेपुढे केला की सुटतो, स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला गेलं की चेसिसला चरा पडतो. जागा अल्कोहोलने पुसून कोरडी करा. माळव्याची काळी माती पावसाळ्यात एकदा बसली की नुसत्या फडक्याने जात नाही, तिच्यावर टेप दोन दिवस पण टिकत नाही.

टप्पा ६: बॅटरीचा प्लग सोल्डर करा

ईएससी उघड्या वायरींचा आला असेल किंवा प्लग जुळत नसेल तर हे काम आहे. आधी एक नियम. बॅटरीचा प्लग बदलू नका, ईएससीचा बदला. बॅटरीच्या वायरींत करंट जिवंत असतो, ईएससीच्या वायरींत नसतो. खूप लोक उलटं करतात, आणि कटरने बॅटरीच्या दोन्ही वायरी एकदम कापतात, कटरचं पातं दोन्हींना एकाच वेळी लागलं की ठिणगी उडते आणि पात्याचा तुकडा जातो. डोळ्याला लागलं तर विचार करा.

प्लग कोणता? बॅटरीवर जो आहे त्याचाच जोडीदार. एक्सटी६० असेल तर बॅटरीच्या बाजूला झाकलेली मादी आणि ईएससीच्या बाजूला नर. प्लगच्या अंगावर + आणि − कोरलेलं असतं, ते टॉर्च लावून वाचा, रंगावर विश्वास ठेवू नका.

क्रम असा:

१. हीट श्रिंकचे तुकडे आधी वायरीत सरकवा आणि लांब मागे ढकला. हे विसरलं की सगळं सोल्डर काढून पुन्हा करावं लागतं.

२. वायरीचं टोक ५-६ मिलिमीटर सोला, पिळा, आणि आयर्नने तापवून सोल्डर आत शोषू द्या. प्लगच्या कपातपण थोडं सोल्डर भरा.

३. प्लगमध्ये त्याचा जोडीदार एक सुटा प्लग खोचून ठेवा (सुटा, बॅटरीचा नाही). तापल्यावर प्लास्टिक मऊ होऊन पिना तिरक्या होतात, जोडीदार त्यांना सरळ धरून ठेवतो.

४. आयर्न ३८०-४०० डिग्रीवर. कप तापवा, सोल्डर वितळलं की वायर आत, आयर्न काढा, आणि सोल्डर गोठेपर्यंत वायर हलवायची नाही, फुंकर पण मारायची नाही.

५. एक वायर पूर्ण, हीट श्रिंकसकट, मग दुसरी.

*तपासणी:* वायर ओढून बघा, जोर लावून. जॉइंट चकचकीत आणि वायरीवर पसरलेला हवा, मळकट गोळ्यासारखा दिसला तर कोल्ड सोल्डर आहे, पुन्हा तापवा. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, लाल ते काळी. क्षणभर बीप येऊन थांबला तर चिंता नको, तो ईएससीचा कपॅसिटर चार्ज होतोय. बीप थांबतच नसेल तर शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका.

बॅटरीच्या बाजूच्या वायरी लांब करायच्या नाहीत. बॅटरी दूर पडते म्हणून कोणी वीस-पंचवीस सेंटिमीटर जोडतात, त्याने व्होल्टेजचे झटके वाढतात आणि कपॅसिटर आधी मरतो. लांबी हवीच असेल तर मोटरच्या बाजूने वाढवा.

टप्पा ७: जागेवर बसवा

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, फक्त आधी टेप न काढता नुसता ठेवून बघा. सगळ्या वायरी पोचतात का, फॅनच्या वर बॉडी टेकते का, प्रॉपशाफ्ट किंवा स्पर गिअरला वायर घासेल का, स्टिअरिंगचा रॉड दोन्ही बाजूंना पूर्ण जातो का. रिसीव्हर आणि त्याची अँटेना मोटरच्या जाड वायरींपासून जमेल तितकी लांब. स्विच चिखल उडणार नाही अशा ठिकाणी. मग टेप लावून अर्धा मिनिट दाबून धरा आणि वायरी केबल टायने बांधा, खूप आवळून नाही.

टप्पा ८: रिसीव्हर जोडा, मोटर अजून नाही

ईएससीची तीन वायरींची पिन रिसीव्हरच्या चॅनल २ मध्ये, सर्वो चॅनल १ मध्ये. पांढरी, पिवळी किंवा नारिंगी वायर सिग्नलची, मधली लाल प्लसची, काळी किंवा तपकिरी मायनसची. रिसीव्हरवर छोटं चिन्ह असतं त्याप्रमाणे सिग्नल वळवा. जुन्या फोटोशी ताडून बघा.

तुम्ही वेगळा बीईसी लावला असेल तर ईएससीच्या पिनमधली लाल वायर काढून टेप गुंडाळून ठेवा, दोन बीईसी एकत्र जोडायचे नाहीत.

जंपरवाला ईएससी (ज्यात पिनांवर छोटी टोपी बसवून सेटिंग बदलतात) असेल तर आताच सेट करा, लिपो की निकेल आणि रिव्हर्स हवा की नको. लिपो लावून जंपर निकेलवर राहिला तर कट-ऑफ फार उशिरा येतो, तोपर्यंत सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊन फुगतो. जंपर तांदळाच्या दाण्याएवढा असतो, खाली वाटी ठेवून काम करा.

टप्पा ९: पहिली बॅटरी, बल्बमधून

हा टप्पा मी कोणालाच सोडू देत नाही, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी एक पॅक घेतला, प्लग त्यांनीच लावून दिला होता, लाल वायर लाल, काळी काळी, सगळं छान. पण प्लगच्या आत त्यांनी + आणि − उलटे सोल्डर केले होते. मी मोजलं नाही, जोडलं, आणि नवा ईएससी एका सेकंदात गेला. उलटी पोलॅरिटी बहुतेक ईएससी सहन करत नाहीत आणि त्याची वॉरंटीपण कोणी देत नाही.

म्हणून आधी बॅटरी मोजा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, लाल प्रोब बॅटरीच्या प्लगवर जिथे + कोरलंय तिथे, काळा − ला. आकडा सरळ आला पाहिजे, समोर वजाचं चिन्ह आलं तर बॅटरीचा प्लग उलटा आहे. प्रोब एकमेकांना लागू देऊ नका.

आता बॅटरीच्या + आणि ईएससीच्या लाल वायरीच्या मध्ये तो इंडिकेटरचा बल्ब येईल असं जोडा. एक सुटी प्लगची जोडी घेऊन मध्ये बल्ब सोल्डर केला की कायमचं साधन तयार. रिमोट आधी चालू, ट्रिगर मोकळा, मग बॅटरी, मग ईएससीचा स्विच.

बल्ब क्षणभर चमकून विझला तर सगळं ठीक आहे. स्टिअरिंग फिरवलं की मंद लागेल, तेही बरोबर. पण बल्ब भरपूर उजेड देत लागूनच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बॅटरी काढा आणि टप्पा ६ चे जॉइंट पुन्हा बघा. अशा वेळी बल्ब नसता तर तो सगळा करंट ईएससीतून गेला असता, आता तो बल्बमध्ये अडकला म्हणून ईएससी वाचायची आशा आहे.

ब्रशलेस ईएससी मोटर नसताना बीप देणार नाही, कारण तो आवाज मोटरच काढते. लाइट लागली आणि सर्वो फिरला एवढं बघा.

टप्पा १०: मोटर जोडा

स्विच बंद, बॅटरी बाहेर, बल्ब काढून ठेवा. पिनियन अजून गिअरपासून दूरच.

ब्रश्डला दोन वायरी, उलट्या लागल्या तर मोटर उलटी फिरेल इतकंच, अदलाबदल करा. मात्र मोटरच्या वायरी आणि बॅटरीच्या वायरी यांची गल्लत नको, बॅटरी मोटरच्या बाजूला लागली की एफईटी गेले. सेन्सरलेस ब्रशलेसमध्ये तीन वायरी कशाही लावा, उलटी फिरली तर कोणत्याही दोन बदला. सेन्सर केबल असेल तर हे चालत नाही. तिथे ए ला ए, बी ला बी, सी ला सी, आणि दिशा बदलायची तर सेटिंगमधून.

टप्पा ११: कॅलिब्रेशन

ईएससीला तुमच्या रिमोटचा न्यूट्रल कुठे आणि फुल कुठे ते शिकवायचं. हे न केल्यामुळे लोक म्हणतात की गाडी अर्ध्याच स्पीडने जाते, किंवा ट्रिगर सोडला तरी हळूहळू सरकते.

रिमोटवर थ्रॉटलचा ट्रिम शून्य, एंड पॉइंट (ट्रिगरच्या टोकाची मर्यादा) दोन्ही बाजूंना १०० टक्के, एबीएस वगैरे बंद. पिनियन सुटा आहे ना ते बघा आणि गाडी तरीही एखाद्या डब्यावर ठेवा, चाकं हवेत.

सेट बटणवाल्या बहुतेक ईएससीत असं असतं: रिमोट चालू, सेट बटण दाबून धरून ईएससी चालू करा, लाल लाइट ब्लिंक करायला लागली की बटण सोडा. ट्रिगर मोकळा ठेवून सेट दाबा, एक बीप. ट्रिगर पूर्ण ओढून धरून सेट, दोन बीप. ट्रिगर पूर्ण पुढे, म्हणजे फुल ब्रेक, धरून सेट, तीन बीप. झालं. तुमच्या ईएससीच्या कागदावर वेगळं असेल तर कागदाचं ऐका. जंपरवाल्या साध्या ब्रश्ड ईएससीत बटणच नसतं, ट्रिगर मोकळा ठेवून चालू करायचं आणि तीनेक सेकंद थांबायचं, तो न्यूट्रल स्वतः ओळखतो. घाईत याच तीन सेकंदांत ट्रिगर दाबला जातो.

ट्रिगर ओढल्यावर मोटर उलटी फिरत असेल आणि ईएससी फुल थ्रॉटल ओळखतच नसेल तर वायरी बदलण्याआधी रिमोटवर थ्रॉटल चॅनल रिव्हर्स करून पुन्हा कॅलिब्रेट करा.

रिव्हर्स लागत नाही ही तक्रार पण खूप येते. बऱ्याच ईएससीत पहिल्यांदा ट्रिगर ढकलला की ब्रेक, सोडून दुसऱ्यांदा ढकलला की रिव्हर्स. ईएससी बिघडलेला नाही, तो तसाच असतो.

आता फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला तर मोटर थांबवणारी सोय. चाकं हवेत असतानाच गाडी हळू चालू ठेवून रिमोट बंद करा. मोटर थांबली पाहिजे. नाही थांबली तर रिमोटमध्ये थ्रॉटलचा फेलसेफ न्यूट्रलवर सेट करा. मैदानात लहान मुलं असतात, फेलसेफ न बघता गाडी खाली ठेवायची नाही.

टप्पा १२: गिअर जुळवा आणि पहिली फेरी

बॅटरी काढा. पिनियन आणि स्परच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, पिनियन दाबून मोटरचे स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर दातांचे ठसे हवेत पण ती फाटायला नको. फाटली तर फार घट्ट, आणि घट्ट गिअर म्हणजे पुन्हा टप्पा २ चीच गोष्ट.

पहिली फेरी सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, सपाट जागेवर. गवतात नाही, गवतात मोटरला दुप्पट मेहनत पडते. दोन मिनिटं अर्ध्या थ्रॉटलवर चालवा, थांबा, स्विच बंद करून ईएससी आणि मोटरला हात लावा. बोट पाच सेकंद आरामात टेकवता आलं तर पुढची पाच मिनिटं. पुन्हा हात लावा. चटका बसतोय, तर पिनियन एक-दोन दाते लहान करा आणि चाकं पुन्हा हाताने फिरवून बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर मोटर ८० डिग्रीच्या पुढे जाऊ देऊ नका. बऱ्याच ईएससीत जास्त तापल्यावर बंद होण्याची सोय असते, पण तिच्या भरवशावर गाडी पळवू नका.

फुल स्पीडमधून सरळ रिव्हर्स मारायची सवय असेल तर सोडा.

बंद करताना उलटा क्रम, आधी गाडी, मग रिमोट. आणि स्विच बंद केला म्हणजे झालं असं समजू नका, बॅटरी जोडलेली असेल तर ईएससी थोडा थोडा करंट ओढतच राहतो आणि काही दिवसांत लिपो मरून जाते. प्लग काढा, पॅक प्रति सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत बिलकुल ठेवू नका.

पहिल्या पॅकनंतर घरी येऊन बॉडी काढा आणि तीन गोष्टी बघा: सोल्डरच्या जॉइंटपाशी हीट श्रिंक आकसलंय किंवा काळं पडलंय का, टेप सुटतोय का, मोटरचे स्क्रू ढिले झालेत का. तिन्ही ठीक असतील तर दुसरा पॅक लावा, पण मोटर पूर्ण गार झाल्यावर.